पालकांचे प्रश्न : दिवसभर मातीत खेळून मूल शिकतं तरी काय?

बालवाडीच्या वयाच्या मुलांना चार भिंतींबाहेर, झाडामातीत नेऊन शिकवण्याबद्दल यावेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे सगळे विषय पुढच्या अंकात ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत रोज दोन-अडीच तास मुलांना बाहेर नेतात, पाऊस असला तरी. ती जाम खूश आहे पण माझ्या जावेचा मुलगा त्याच वयाचा, तो शंभरपर्यंत आकडे म्हणतो, अक्षरं गिरवतो, आणि आमची काठ्या गोळा करते. सासूबाई रोज विचारतात फी कशाची भरता म्हणून. त्यांना काय सांगू?

उत्तर : सासूबाईंचं नंतर बघू, आधी तुमचं समाधान होऊ दे, कारण पत्र वाचून वाटतंय की शंका त्यांच्या तोंडून आली तरी थोडी तुमच्याही मनात आहे. त्यात गैर काहीच नाही.

शंभरपर्यंत आकडे म्हणणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जावेच्या मुलाला एकदा सहज म्हणा, मला सात दगड आणून दे. येतीलही त्याला, पण चार वर्षांची बरीच मुलं घडाघडा आकडे म्हणतात आणि दगड मात्र ओंजळभर उचलून आणतात, कारण शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण वस्तू किती हे त्यांच्या डोक्यात अजून बसलेलं नसतं. ते बसतं हाताने उचलून, रांग लावून, दुसऱ्याशी भांडून, 'तुझ्याकडे जास्त आहेत' असं म्हणून. तुमची मुलगी काठ्या गोळा करते तेव्हा ती लांब-आखूड लावते, जाड वेगळी काढते, एक कमी पडली की शोधायला जाते, हे सगळं गणितच आहे, फक्त वहीत दिसत नाही.

लिहिण्याचंही तसंच. या वयात मनगटातली सगळी हाडं अजून तयारसुद्धा झालेली नसतात. पेन्सिल नीट धरायला बोटांच्या आधी खांदा, दंड आणि मनगट यांच्यात ताकद लागते, आणि ती फांदीला लोंबकळून, ओली माती उकरून, बादली उचलून, ओंडका ढकलून येते. नॉर्वेत इन्गुन फ्योर्टोफ्ट यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता, तो २००१ साली छापून आला. एका गटातली मुलं रोज शेजारच्या जंगलात खेळायची, दुसऱ्या गटातली नेहमीच्या खेळाच्या मैदानावर. वर्ष संपेपर्यंत जंगलातल्या मुलांचा तोल आणि हातापायांचा मेळ बराच पुढे गेला होता, आणि त्यांना कोणी व्यायाम शिकवला नव्हता बरं का, उंचसखल जमीनच ते काम करत होती.

आणि हे काही नवीन फॅड नाही, सासूबाईंना हे नक्की सांगा. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली, तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा मातीचा तुकडा असायचा. लंडनच्या डेटफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ साली उघड्यावरची बालवाडी सुरू केली, कारण कोंदट खोल्यांत राहून मुलं आजारी पडत होती. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एला फ्लाताउ नावाची आई आपल्या आणि शेजारच्या मुलांना घेऊन रोज जंगलात जायला लागली आणि त्यातूनच जंगल-बालवाडी उभी राहिली. जर्मनीत पहिली १९६८ मध्ये वीसबाडनला निघाली, आज तिथे अशा हजाराच्या वर आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिजवॉटर कॉलेजची माणसं १९९३ मध्ये डेन्मार्कला जाऊन हे बघून आली आणि परत येऊन तिथे सुरू केलं. आणि आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ! बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणं जमत नव्हतं म्हणून या दोघी शाळाच कुरणात घेऊन गेल्या. कुरणशाळा म्हणायचे तिला. म्हणजे ही कल्पना बाहेरून आलेली आहे असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

पण एक गोष्ट मात्र शाळेत जाऊन बघा. त्या दोन-अडीच तासांत बाई काय करतात? मुलं सोडून दिली आणि मोठी माणसं बाजूला मोबाइलवर, असं असेल तर सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे. चांगल्या ठिकाणी बाई फार बोलत नाहीत पण सतत बघत असतात, कोण कशात रमलंय हे लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून काहीतरी पुढे नेतात. त्यांना विचारा की गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने काय केलं. 'मस्त खेळली' एवढंच उत्तर मिळालं तर काळजी करा, आणि 'ती तीन दिवस मुंग्यांच्या बिळाजवळ पूल बांधत होती, पाण्याने मोडला तर काल दगडाचा केला' असं काही ऐकायला मिळालं तर निश्चिंत राहा.

प्रश्न : मी बालवाडी चालवते. वाचून वाटतं हे सगळं करावं पण आमच्याकडे जंगल सोडा, धड बागही नाही. सिमेंटचं छोटं अंगण, एका कोपऱ्यात एकच झाड. महिन्यातून एकदा सहलीला नेलं तर चालेल का?

उत्तर : ताई, सहलीला जरूर न्या, मजा येईल, पण सहल म्हणजे हे नव्हे. महिन्यातून एकदा मोठ्या जंगलात नेण्यापेक्षा रोज त्या एका झाडाखाली नेणं मी कधीही वरचं मानते. नव्या जागी गेलं की मुलं पहिला सगळा वेळ नुसती धावतात, ओरडतात, बिचकतात, आणि जरा स्थिरावतात तोवर परत निघायची वेळ होते. तीच जागा रोज पाहिली की फरक दिसायला लागतो. काल पान हिरवं होतं आज पिवळं, काल बीळ एक होतं आज दोन. फरक दिसायला आधी ओळख हवी ना.

झाडाची एकेक फांदी एकेका मुलाला देऊन टाका, रिबीन बांधा, ती त्याची फांदी. रोज जाऊन बघायचं काय बदललं. चित्र काढायची सक्ती नाही, येऊन सांगितलं तरी पुरे.

सिमेंट आहे म्हणून रडू नका, सिमेंटवर काही गोष्टी मातीपेक्षा छान होतात. पाऊस पडून गेला की डबक्याभोवती खडूने रेघ मारायला लावा, अर्ध्या तासाने परत एक रेघ, मग परत एक. डबकं लहान होत जातं आणि रेघा राहतात, आणि मग कोणीतरी विचारतंच की पाणी गेलं कुठे. लगेच 'बाष्पीभवन' सांगून मोकळ्या होऊ नका, त्यांना काय वाटतं ते आधी ऐका, जमिनीने प्यायलं, सूर्याने ओढलं, कोणीतरी चोरलं, सगळं ऐकून घ्या. सावलीचंही असंच, सकाळी मुलाला उभं करून सावलीभोवती खडू फिरवा, तासाभराने त्याच जागी परत उभं करा. भित्तिचित्रांवर खर्च करण्याऐवजी खडूचे डबे आणून ठेवा.

मग सुट्या वस्तू. सायमन निकोल्सन नावाच्या ब्रिटिश चित्रकार-शिल्पकाराने १९७१ मध्ये मांडलं होतं की एखाद्या जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या जास्त तितकी तिथली कल्पकता जास्त. घसरगुंडीवरून घसरायचंच असतं, पण एक फळी, चार विटा, दोरी, जुनी चादर, वाळकी पानं आणि बिया यांचं काय होईल ते सांगता येत नाही. हे सगळं फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं. फळ्यांचे खिळे काढलेले असावेत आणि दोरी मुलं खेळत असताना कोणाच्या तरी नजरेसमोर असावी, गळ्याभोवती कधीच नाही, एवढं बघा.

आणि शक्य झालं तर सिमेंटचा एखादा तुकडा फोडून माती आणा. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या काही पाळणाघरांत खडीच्या अंगणात जंगलातली माती, हिरवळ आणि झाडंझुडपं आणून लावली आणि मुलं रोज त्यात खेळली. फक्त २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या उपयोगी जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणाही चांगल्या दिशेने बदलल्या, हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झालाय. अभ्यास लहान होता, त्यावरून 'मातीत खेळलं की आजार होत नाहीत' असं पोस्टर लावू नका प्लीज. पण पालक सभेत सांगायला उपयोगी आहे.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा, दिसेल त्या झाडावर चढतो. त्याच्या शाळेत चढू देतात. मला बघवत नाही. वडील म्हणून मी अति करतोय का?

उत्तर : नाही हो, भीती वाटणारच. पण मूल धडपडतं तेव्हा ते नेमकं काय करत असतं हे समजून घ्या. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार मांडले: उंचावर चढणं, वेगाने जाणं, धारदार वगैरे हत्यारं वापरणं, आग-पाण्यासारख्या गोष्टींजवळ जाणं, कुस्ती-मारामारीचा खेळ, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आपण लहानपणी यातलं काय काय केलंय ते आठवा! मुलं स्वतःच आपली भीती थोडी थोडी ताणून बघत असतात, आज दुसऱ्या फांदीपर्यंत, परवा तिसऱ्या. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ च्या सुरुवातीला अशा खेळाला मोकळीक द्यावी असं निवेदन काढलं. त्यांचाही सूर असाच आहे की मुलांना जेवढं लागतं तेवढं सुरक्षित ठेवा, शक्य तेवढं नाही.

जोखीम म्हणजे जी मुलाला दिसते आणि ज्याचा निर्णय ते स्वतः घेऊ शकतं, उंच फांदी दिसते, ठरवता येतं चढायचं की नाही. पण फांदी आतून कुजलीय हे त्याला कळत नाही, ते बघणं तुमचं काम. तेव्हा तुम्ही झाड तपासा, वाळकी फांदी नको, ओलं निसरडं खोड नको, पाय ठेवायची फांदी तुमच्या मनगटापेक्षा जाड हवी, खाली दगड-फरशी नको. आणि एक नियम अगदी कडक पाळा, मुलाला उचलून फांदीवर ठेवायचं नाही. जे स्वतः चढतं त्याला बहुतेक वेळा उतरताही येतं, ठेवलेल्याला नाही.

'सांभाळून! सांभाळून!' हे ओरडणं बंद करा, त्याने मूल तुमच्याकडे बघतं आणि हात सुटतो. त्याऐवजी 'डावा पाय आता कुठे ठेवणार?' असं विचारा किंवा गप्प राहून खाली उभे राहा. गप्प राहणं अवघड आहे, मला माहितीये.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी अजिबात ढील देत नाही. पाच सेंटिमीटर पाण्यातसुद्धा लहान मूल बुडू शकतं आणि ते आवाज न करता बुडतं. पाण्याजवळ मोठं माणूस हाताच्या अंतरावर आणि मोबाइल खिशात, बस.

प्रश्न : माती तोंडात घालतो. जंत होतील का?

उत्तर : होऊ शकतात, जिथे उघड्यावर शौच होतं किंवा कुत्र्यामांजरांची घाण असते तिथल्या मातीत जंतांची अंडी असतात. म्हणून जागा निवडून घ्या, वाळूचा हौद रात्री झाकून ठेवा, पायात काहीतरी असू दे, खाण्याआधी साबणाने हात (सॅनिटायझर मातीच्या हातांवर नीट काम करत नाही), नखं कापलेली, आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. धनुर्वाताची लस वेळेवर झालीय ना ते कार्डावर बघा. चार वर्षांचं झाल्यावरही मूल रोज मुद्दाम माती खात असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, शरीरात लोह कमी असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

पानं-फळांसाठी एकच नियम: मोठ्यांना विचारल्याशिवाय काहीही तोंडात नाही. कण्हेर आणि धोतरा ही दोन झाडं तरी बाईंना ओळखता आलीच पाहिजेत, दोन्ही विषारी आहेत आणि दोन्ही दिसायला सुंदर.

प्रश्न : माझा नातू मुंग्या चिरडतो, गांडूळ तोडतो. निसर्गावर प्रेम करायला पाठवलं आणि हे शिकला. मी आजी म्हणून फार दुखावलेय.

उत्तर : आजी, तो क्रूर नाहीये. तीन-चार वर्षांच्या मुलाला जिवंत म्हणजे काय हे अजून धड ठरवता येत नाही, त्याच्या लेखी ढगही जिवंत असतो कारण तो हलतो, आणि मुंगी थांबली की ती बंद पडली एवढंच. दाबून बघणं हा त्याचा प्रयोग आहे. पाप लागतं वगैरे सांगून घाबरवू नका, पण चालू दे असंही नको. शांतपणे हात धरा आणि 'हिला लागतं, आपण बघूया ही कुठे चाललीय' असं म्हणून त्याला दुसरं काम द्या.

काम काय? मुंग्यांची रांग बघा. मुंग्या जाताना जमिनीवर वास सोडत जातात आणि मागच्या मुंग्या त्या वासावरून चालतात. रांगेच्या मध्ये ओल्या बोटाने एकदा पुसा, मुंग्या तिथे येऊन गोंधळतात, इकडेतिकडे फिरतात, मग परत वाट सापडते. हे एकदा बघितलेलं मूल चिरडायचं विसरतं, कारण आता त्याला पुढे काय होतं ते बघायचं असतं. दगड उचलून खाली कोण राहतं ते बघा आणि दगड हळूच जसा होता तसा परत ठेवायला त्यालाच सांगा, 'त्यांचं छप्पर आहे ते'. भिंग देणार असाल तर सावलीत द्या, उन्हात भिंगाने काय होतं ते मुलांना फार लवकर कळतं.

आणि गांडुळाबद्दल, तुकडे केले की दोन गांडुळं होतात असं त्याला कोणीतरी सांगितलं असेल. तसं होत नाही. हे त्याला सरळ सांगा.

प्रश्न : आमची लेक उलट आहे, हाताला चिखल लागला की रडते. बाई म्हणतात सवय होईल. जबरदस्ती करावी का?

उत्तर : अजिबात नको. आधी काठीने ढवळू दे, मग चमच्याने, कोरड्या वाळूपासून सुरुवात करा, जवळ पाण्याची बादली आणि फडकं ठेवा म्हणजे हवं तेव्हा हात धुता येतात हे तिला कळू दे, धुता येतंय म्हटल्यावर बरीच मुलं हात घालायला तयार होतात. आणि घरी कपडे मळले की कोण ओरडतं ते जरा तपासा. कपड्यांचे लेबल, अन्नाचा स्पर्श, मोठे आवाज अशा सगळ्याचाच त्रास होत असेल तर मात्र एकदा तज्ज्ञांना दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : ऊन, पाऊस, थंडी, यात कधी बाहेर न्यायचं आणि कधी नाही?

उत्तर : पाऊस आणि थंडी कपड्यांनी सांभाळता येते, जादा जोड आणि कोरडे मोजे शाळेत ठेवा की झालं. ऊन जास्त त्रासदायक, लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात ती पाणी मागत नाहीत. सकाळी लवकर न्या, सावली धरा, दर वीसेक मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो नसो. घसरगुंडीचा पत्रा आणि रबरी फरशी आधी स्वतःच्या हाताने बघा, चटका बसतो. मूल मलूल झालं, चिडचिड करायला लागलं, उलटी झाली तर खेळ बंद, सावलीत नेऊन अंग ओलं करा, आणि लगेच बरं वाटलं नाही तर दवाखाना.

गडगडाट ऐकू आला की आत, मग पाऊस नसला तरी. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली थांबायचं नाहीच. जोराचा वारा असेल तेव्हाही मोठ्या झाडांपासून लांब.

प्रश्न : झाडांची, पक्ष्यांची नावं मलाच येत नाहीत. मोबाइलचं ॲप वापरू का?

उत्तर : वापरा, पण मुलं घरी गेल्यावर. त्यांच्यासमोर नाव शोधलं की सगळे झाड सोडून स्क्रीनकडे बघतात, आणि नाव सापडलं की विषय संपतो. मुलांना आधी स्वतःची नावं ठेवू द्या, 'खरखरीत झाड', 'टोपीवाला पक्षी'. खरं नाव दोन दिवसांनी सांगा, तोवर त्यांनी त्याला इतकं निरखलेलं असतं की नाव लगेच चिकटतं.

प्रश्न : शाळेतून आल्यावर 'आज काय केलं' विचारलं तर रोज एकच उत्तर, 'काही नाही'. मग आम्हाला कळणार कसं?

उत्तर : हे सगळ्याच मुलांचं असतं, दिवसभराचा आढावा देणं या वयात जमत नाही. खिशातलं विचारा. 'हा दगड कुठला?' म्हटलं की दहा मिनिटं थांबत नाही. काहीच नसेल तर तुम्हीच आधी तुमचं सांगा, मी आज येताना असं असं पाहिलं, मग त्याला त्याचं आठवतं. सुट्टीच्या दिवशी त्याला सांगा, मला तुझी शाळेजवळची जागा दाखव, आणि तो पुढे, तुम्ही मागे. वाटेत काही शिकवू नका. आणि हो, वॉशिंग मशीन लावण्याआधी खिसे उलटे करून बघा, बिया चालतात पण गोगलगाय नको.